अक्षता टाकण्याआधी

शैले,

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नेवाशातला एक वार्ताहर माझ्या घरी आला. भला माणूस आहे, भर उन्हात मोटरसायकलवर आला होता. त्याला तुझी माहिती हवी होती. जन्म कुठला, शिक्षण किती, नाटकं कोणती, पुरस्कार कोणते. मी म्हटलं, ते अशोकला विचारा, तो तिचा भाऊ आहे, त्याला सगळं पाठ असतं. मग तो म्हणाला, "ताई, तुमी त्यांच्या जुन्या मैत्रीण. एका शब्दात सांगा, शैलाताई कशा होत्या?"

मी म्हटलं, "भांडखोर."

तो हसला, चहा प्यायला आणि गेला. छापून आलं ते असं, की प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभं करणाऱ्या दिग्दर्शिका हरपल्या.

मी तो पेपर पुन्हा वाचला. आयुष्यभर तू ज्या गोष्टीशी भांडलीस, तीच तुझ्या नावापुढं चिकटवून लोक मोकळे झाले. तू असतीस तर त्या बिचाऱ्याला फोन लावून तासभर सोडलं नसतंस. मला तुझ्यासारखं बोलत राहता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तुलाच लिहिते, कारण यातलं निम्मं भांडण तुझं-माझं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

संगमनेरच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो तेव्हाही तू अशीच होतीस. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मी मरणाऱ्या सुनेचं काम केलं होतं. अख्खं सभागृह हुंदके देत होतं. प्राध्यापक डोळे पुसत पाठ थोपटायला आले. आणि तू पडद्यामागं येऊन मला विचारलंस, "पद्मे, ती मेली कशानं? सगळे घरातच होते ना? मग डॉक्टरला कुणी का नाही बोलावलं?" मी तोंडावरचा रंग पुसत होते. मला वाटलं, हिला कुणाचं म्हणून चांगलं बघवत नाही. पण त्या रात्री होस्टेलवर मी पडून तोच विचार करत होते, की खरंच, कुणी का नाही बोलावलं? तीन अंक ती सून खोकत होती आणि आम्ही सगळे सुंदर सुंदर वाक्यं म्हणत होतो.

मग मी एसटीत कंडक्टर झाले आणि तू नाटक शिकायला पुण्याला गेलीस. परत येशील असं मला वाटलं नव्हतं. तू आलीस, नेवाशातल्या शाळेत मास्तरीण झालीस, आणि एक दिवस नेवासा फाट्यावर माझ्याच गाडीत चढलीस. तिकीट काढलंस आणि म्हणालीस, "रविवारी तुझी सुट्टी असते ना? अशोकच्या मळ्यात ये. एपिक थिएटर करायचंय."

एपिक म्हणजे महाकाव्य एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, आता रथ येणार, धूर येणार, मी द्रौपदी होणार. मी चांगली साडी नेसून आले. तर मळ्यात रिकामी कांदाचाळ. कांदा विकून झालेला, वरती पत्रे, बाजूंना बांबूच्या पट्ट्या आणि खाली टरफलं. त्या पट्ट्यांमधून ऊन आत यायचं आणि सगळ्यांच्या अंगावर उभे पट्टे पडायचे. ढोलकीवाला बाळू तिथं बसून शिंकत होता. आणि तू म्हणालीस, हेच आपलं थिएटर.

मी विचारलं, यात महाकाव्य कुठंय?

तू म्हणालीस, "पद्मे, तुझ्या गाडीत भांडण झालं, तर डेपोत जाऊन तू ते कसं सांगतेस?"

"जसं झालं तसं."

"करून दाखव."

मी करून दाखवलं. आदल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यानं दूधवाल्याचा कॅन खिडकीतून बाहेर ढकलला होता. मी म्हातारा झाले, दूधवाला झाले, मधे थांबून सांगितलं की खरं तर कॅन ठेवायला मीच नाही म्हणायला हवं होतं, मग पुन्हा म्हातारा झाले. तू टाळी वाजवलीस. "बघ. तू म्हाताराही झालीस आणि दूधवालाही. पण तू त्यांच्यात बुडाली नाहीस, कारण तुला साहेबाला कळवायचं होतं की चूक कुणाची. आणि साहेबही रडला नाही. त्यानं ऐकलं आणि ठरवलं. मला प्रेक्षक त्या साहेबासारखा हवाय. त्याला वाटलं पाहिजे की निकाल आपल्याला द्यायचाय."

बाळू म्हणाला, "मग हे तर आपल्या तमाशातला सोंगाड्या बी करतो की. राजाचं सोंग घेतो, मधीच थांबतो आन पब्लिकला इचारतो, राजा शाना हाय का येडा?"

तू म्हणालीस, "व्हय रे बाळू. मला हे कळायला पुण्याला जाऊन एका जर्मन माणसाचं पुस्तक वाचावं लागलं." पुढं कुणी आपल्याला विलायती खूळ म्हटलं की बाळूच पुढं व्हायचा आणि म्हणायचा, विलायती न्हाई, आमच्याच घरचं हाय, बाई फकस्त पुन्याहून परत घेऊन आल्या.

'सावधान' हे नाटक त्या चाळीत उभं राहिलं. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीला जाणारी माणसं तू शाळेत जवळून पाहत होतीस. दिवाळीनंतर वर्गातल्या मुली कमी व्हायच्या आणि काही परतच यायच्या नाहीत. आईबाप कारखान्याकडं जाणार, मग वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिचं लग्न. आणि लग्न झालं की नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी होते, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाला कोयता हवाच असतो. हे सगळं त्या भागात प्रत्येकाला माहीत होतं. तू मला म्हणालीस, "माहीत असलेली गोष्ट पुन्हा दिसली पाहिजे. इतकी सवयीची झालीय की ती कुणाला दिसतच नाही."

नाटकात रेखा नवरी व्हायची. डी.एड. करणारी मुलगी, पण दोन वेण्या घातल्या की आठवीतली दिसायची. मी तिची आई आणि मुकादमही. पदर कमरेला खोचला की आई, खांद्यावर टॉवेल टाकला की मुकादम, आणि हे सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत, आत जाऊन बदलायचं नाही. प्रत्येक प्रवेशाआधी बाळू एक पाटी धरायचा. 'आता लग्न ठरेल. का ठरतं ते बघा.' मी वैतागून म्हटलं होतं, आधीच सांगून टाकलं तर लोक बघतील काय? तू म्हणालीस, "काय होतं हे त्यांना माहितीच आहे गं. काय होतं ते बघायचं थांबवलं, की का होतं ते बघतील."

आणि नाटक दिवसाच. चार वाजता, शाळेच्या मैदानात. मी म्हटलं, लायटिंग नको? तू म्हणालीस, अंधारात बसलं की माणूस एकटा होतो, उजेडात त्याला शेजारचा दिसतो, आणि आपण काय करतो ते शेजारच्याला दिसतंय हेही दिसतं.

ते कशासाठी हवं होतं ते मला पहिल्या प्रयोगाला समजलं. पण त्याआधीचं ते भांडण सांगायचं राहिलं.

तालमीत लग्नाच्या आदल्या प्रवेशात आई मुलीची वेणी घालते आणि सांगते की उद्यापासून शाळा नाही. मला तिथं रडू यायचंच. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न असंच झालेलं, ती नववीत असताना. मी रडले, रेखा रडली, बाळूसुद्धा ढोलकीवर हात ठेवून बसून राहिला. तू ओरडलीस, "थांब. परत."

मी म्हटलं, "का थांब? खरं वाटतंय ते."

"खरं वाटतंय म्हणूनच थांब. तू रडलीस की बघणारा रडणार. रडला की हलका होणार. हलका झाला की घरी जाऊन जेवून झोपणार. मला कुणाला हलकं करायचं नाही."

"शैले, ज्याला रडू येत नाही तो विचार तरी कशाला करेल? आधी लागलं पाहिजे माणसाला."

"लागू दे. पण त्यात गुंगी नको."

मी त्या दिवशी टॉवेल फेकून निघून आले. पुढच्या रविवारी परत आले, कारण दुसरं जाणार कुठं? तो प्रवेश मी कोरड्या आवाजात केला. वेणी घालता घालता मी लोकांकडं बघून सांगायचे, 'ही बाई आता पोरीला सांगते की उद्यापासून शाळा नाही. तिला स्वतःला हे आवडलेलं नाही. तरी ती सांगते.' आणि मग सांगायचे. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. हे तुला तेव्हाही माहीत होतं.

पहिला प्रयोग शेवगावकडच्या एका गावात झाला. मैदानाच्या फाटकावर रेखाची मैत्रीण येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हळदीकुंकवात भिजवलेले तांदूळ देत होती. लोकांनी सवयीनं घेतले. नाटक सुरू झालं. पहिल्याच प्रवेशात रेखा सांगते की मी आठवीत आहे. पुढं लग्न ठरलं, अंतरपाट धरला, बाळूनं मंगलाष्टकांची चाल लावली, सावधान म्हटलं, आणि सगळ्या मैदानानं अक्षता टाकल्या. बायांनी, म्हाताऱ्यांनी, गुरुजींनी, सगळ्यांनी. आमच्या अंगावर तांदळाचा पाऊस पडला आणि तू प्रेक्षकांतून उठून पुढं आलीस.

तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, "नवरीचं वय काय?"

एकजण म्हणाला, "असंल चौदा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनंच सांगितलं की, आठवीत हाय म्हनून."

"मग अक्षता का टाकल्या?"

तो माणूस आपल्या रिकाम्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांनी टाकल्या."

नाटकातलं कुठलंही वाक्य इतकं लागलं नसेल. लोक एकमेकांकडं बघू लागले. उजेड होता ना, सगळ्यांना सगळे दिसत होते.

सरपंच उठून म्हणाले, "बाई, तुमी गावाचा अपमान करायला आलात का?"

तू म्हणालीस, "नाही. विचारायला आले. मीही असल्या लग्नांत अक्षता टाकल्यात. का टाकल्या ते मलाही शोधायचंय."

सरपंच निघून गेले, त्यांच्यामागं थोडे लोक गेले. पण बरेच बसून राहिले, आणि बायांमधून एक बाई उभी राहिली. मला तिचा चेहरा आजही आठवतो, कपाळावर मोठं कुंकू, कडेवर नातवंड. ती म्हणाली, "ताई, मला बी आवडत न्हाई. पन आमी सा महिने तिकडं उसाच्या फडात. पोरगी कुनाकडं ठेवू? तुमी ठेवता का तुमच्या घरी?"

तू तिच्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "याचं उत्तर नाटकात नाही. पण हा प्रश्न तुमच्या एकटीचा आहे का?" आणि तू सगळ्यांकडं बघितलंस. मग मैदानात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं वसतिगृह, कुणी म्हणालं आजी असती तर, कुणी म्हणालं तुमच्या पोरीला सांभाळताना काय झालं तर गाव आमाला सोडंल का. कुणाचं कुणाला पटत नव्हतं. आपण सामान आवरून निघालो तरी ते पारावर बोलतच होते.

परतीच्या टेम्पोत मी तुझ्याशी भांडले. "ती बाई रडकुंडीला आली होती आणि तू तिला प्रश्नच परत दिलास. काहीतरी सांगायचं तरी होतंस."

"काय सांगणार होतीस तू?"

"काहीतरी. ती आशेनं विचारत होती."

"आपण उत्तर दिलं असतं तर ते आपलं झालं असतं. पाहुण्या बायांनी दिलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवून सोडून दिलं असतं. आता ते त्यांच्या गळ्यात आहे."

मला त्यात तुझा कठोरपणा दिसला आणि तुला माझ्यात भाबडेपणा. नेवासा येईपर्यंत आपण बोललो नाही. उतरताना तू म्हणालीस, "उद्या गाडीत मला खिडकीची जागा धरून ठेव." माफी मागायची तुझी तीच पद्धत होती.

त्यानंतर आपण खूप गावं फिरलो. काही ठिकाणी शाळेचं मैदान मिळालं नाही, एका गावात पाटीवर शेण फेकलं, दुसऱ्या एका ठिकाणी अर्ध्यातून सामान उचलायला लावलं. तू दर वेळी परत यायचीस, पाटी धुवायचीस आणि पुढच्या रविवारचं गाव ठरवायचीस. लोक म्हणायचे, बाईला प्रसिद्धी हवीय. तुझ्याकडं साधा बरा फोटो नव्हता, शैले. अशोकला पेपरात द्यायला शाळेच्या सहलीतला फोटो कापून द्यावा लागला.

आणि मग पाथर्डीकडच्या त्या गावातला प्रयोग. तुझ्या आजारपणाआधीचा, ज्याच्याबद्दल तू सगळ्यांत जास्त बोलायचीस तो. बाळूनं सावधान म्हटलं आणि अक्षता पडल्याच नाहीत. काही पडल्या असतील, पुढच्या रांगेतल्या. मागं बायांचा घोळका मुठी मिटून बसला होता. त्यांच्यातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "मी न्हाई टाकनार. पोरगी ल्हान हाय." तिच्या शेजारची म्हणाली, "मी बी न्हाई." नवरदेवाचं काम करणाऱ्या आपल्या पोराला कळेना आता काय करायचं. माळ त्याच्या हातातच राहिली. रेखाला हसू फुटलं. बाळू तेच कडवं परत परत म्हणत राहिला, कारण पुढं काय वाजवायचं ते ठरलेलंच नव्हतं. आणि तू प्रेक्षकांतून ओरडलीस, "बाळू, थांब. नाटक संपलं. आता पुढचं यांना बोलू दे."

त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा मिठी मारली, आणि तुझं अंग तापलेलं होतं. तू म्हणालीस ऊन लागलंय. ते ऊन नव्हतं, आजार होता.

नगरच्या दवाखान्यात तू पडून होतीस तेव्हा त्याच गावची बातमी मी तुला आणून दिली. माझ्या गाडीतल्या एका प्रवाशाकडून समजली होती. गावात खरं लग्न लागलं, नवरी लहानच होती. मंगलाष्टकं झाली आणि बायांच्या त्या घोळक्यानं हात वर केले नाहीत. वरबाप रागावून विचारायला आला, तर म्हातारी म्हणाली, पोरीचं वय सांगा, मग टाकते. त्यावरून मांडवात बरीच बोलाचाली झाली. पण लग्न लागलंच. पोरगी सासरी गेली.

मी ते सांगताना वैतागलेली होते. म्हटलं, "मग काय उपयोग झाला शैले? लग्न तर झालंच ना."

तुला बोलायला त्रास होत होता. तरी तू उशीवर कोपर टेकवून उठलीस. "झालं. पण आधी ते सगळ्यांच्या संमतीनं व्हायचं. या वेळी काही जणींनी नाही म्हटलेलं असताना करावं लागलं. फरक आहे, पद्मे."

"त्या पोरीला काय फरक?"

मग म्हणालीस, "तिला काहीच नाही. तू म्हणतेस ते खरं आहे. आणि मी म्हणते तेही खरं आहे. लिहून ठेव, परत यावर भांडू."

त्यावर आपलं भांडण झालं नाही. वेळच राहिला नाही. मी रोज ड्यूटीवर जाताना मनात दोन्ही बाजू मांडते, एकदा तुझी, एकदा माझी, आणि कुठलीच जिंकत नाही. तुला हेच हवं होतं असं वाटून मला तुझा रागही येतो.

त्या दिवशी निघताना मला हुंदका आला आणि मी तोंड फिरवलं, कारण तुझ्यासमोर रडायची सोय नव्हती. तू मला हाक मारलीस. म्हणालीस, "पद्मे, रडू नको असं मी कधीच म्हटलं नव्हतं. रडून तिथंच थांबू नको, एवढंच." इतकी वर्षं तालमीत माझा घसा कोरडा करून हे तू तेव्हा सांगितलंस. मी भिंतीला टेकून रडले आणि तू पाणी मागवलंस.

हे सगळं मला तुला तेव्हा सांगायचं होतं. की तुझ्यामुळं मी तिकीट फाडताना माणसं बघायला शिकले. की गाडीत कुणी बाई मारहाणीच्या खुणा पदराखाली झाकून बसली असेल, तर पूर्वी मला वाईट वाटायचं आणि मी पुढच्या सीटकडं जायचे, आता मी थांबते आणि विचारते. हे शिकवायला तुझ्याकडं पुण्याचं सर्टिफिकेट होतं खरं, पण मला ते कांदाचाळीत मिळालं. मी हे तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण आपल्यात कौतुक करायची रीत नव्हती.

आता शोकसभेचं ऐक. ते ऐकल्याशिवाय तुला चैन पडणार नाही.

अशोकनं ती नेवाशातल्या मंगल कार्यालयात ठेवली, कारण दुसरा हॉल मोकळा नव्हता. सकाळी अकराची वेळ. शाळेतले शिक्षक, जुने विद्यार्थी, आपण गेलो होतो त्या गावांतली कितीतरी माणसं आली होती, बायाही खूप होत्या. मधे खुर्चीवर आपले पुढारी, दादा. नाव लिहीत नाही, आपल्या भागात दादा म्हटलं की कुणालाही कळतं, ज्यांच्याशिवाय इकडं कुठलं लग्न लागत नाही. त्यांनी भाषण चांगलं केलं. तुझं नाटक बघून डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. शैलाताईंनी बालविवाहाविरुद्ध जे काम केलं ते आपण पुढं नेलं पाहिजे, म्हणाले. टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत शिक्षिका पदरानं डोळे पुसत होत्या. सगळ्यांचं मन हलकं होत होतं आणि मला ते डोळ्यांनी दिसत होतं.

मग अशोकनं मला दोन शब्द बोलायला बोलावलं.

मी माईक घेतला आणि मला तुझ्याबद्दल एक वाक्य सुचेना. मी दादांकडं वळले. "दादा, या हंगामात तुम्ही किती लग्नांना गेलात?"

ते जरा गोंधळले, पण हसून म्हणाले, "आता ते कुठं मोजतो ताई. तिथीला तर दिवसभर गाडीतच असतो."

"त्यातल्या एका तरी नवरीचं वय विचारलंत का?"

अशोक धावत आला, माझ्या कानाशी म्हणाला, "पद्माताई, शोकसभा हाय ही."

मी माईकवरच म्हटलं, "म्हणून तर विचारते. शैला गेली, प्रश्न काय तिच्याबरोबर गेलेला नाही."

कुणीतरी खूण केली आणि माईक बंद पडला. मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, आता मला हाताला धरून खाली उतरवतील आणि पुढचा वक्ता तुझ्या हसऱ्या स्वभावाबद्दल बोलेल. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. "आमाला ऐकू आलं. दादांना बोलू द्या."

दादा जागचे उठले नाहीत. मग माईकशिवायच म्हणाले, "न्हाई इचारलं."

"का?" रेखानं विचारलं. ती कधी उठून उभी राहिली होती मला कळलंही नाही.

"इचारलं तर पुढच्या येळी बोलावनार न्हाईत. आन मी गेलो न्हाई तर तुमीच म्हनाल, मोठा झाला, आता गरिबाच्या लग्नाला येत न्हाई."

काही लोक हसले. एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "खरं बोलला. पत्रिकेत त्याचं नाव आमीच छापतो."

"मग नका छापू," एक बाई म्हणाली.

"न छापून कसं चालंल? सोयरे इचारत्यात, कोन कोन येनार म्हनून."

"सोयऱ्यांना पोरीचं वय इचारता येत न्हाई व्हय?"

"तुज्या पोरीचं किती हुतं गं?" आजोबांनी विचारलं.

"सोळा हुतं. म्हनूनच बोलते. माझं मीच केलंय, मला ठावं हाय ते."

मग दुसरेही बोलू लागले. दादा खुर्ची पुढं ओढून त्या बाईचं ऐकू लागले, मग तिच्याशी वाद घालू लागले. शिक्षिकांनी पदर खाली ठेवले. बाळू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, दुपारचे किती वाजले ठाव हाय का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तो त्या घोळक्यात जाऊन स्वतःच भांडू लागला.

अशोकनं कार्यक्रमात शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली ठेवली होती. त्याचा काही दोष नाही, तो बिचारा एकदा उठला, कुणी बघेना म्हणून बसला, परत उठला, परत बसला. कार्यालयाचा माणूस संध्याकाळच्या लग्नासाठी खुर्च्या हलवायला आला, तेव्हाही लोक एकमेकांना थांबवून बोलत होते.

शैले, तुझ्यासाठी कुणी दोन मिनिटंही गप्प बसलं नाही.